अहो, हा माणूस खरा होता!

मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी चुका काढायला नकोत! मागच्या शनिवारपर्यंत माझ्या लेखी बेसबॉल म्हणजे हॉलिवूडच्या सिनेमात पोरांच्या हातात असते ती लाटण्याच्या मोठ्या भावासारखी बॅट, आणि सतत काहीतरी चघळणारी माणसं. बस्स! आणि आज बुधवार आहे, आणि सकाळी मी कामाच्या बाईंना 'राइट फील्ड' म्हणजे काय ते ओट्यावर नऊ कांदे मांडून समजावलंय! त्यांनी शांतपणे त्यातले दोन कांदे उचलले आणि चिरायला घेतले. तरी मी थांबले नाही! तुम्हालाही सोडणार नाहीये. बसा. चहा घ्या हवं तर. पण उठायचं नाही!

झालं असं, की शनिवारी रात्री झोप येईना म्हणून टीव्ही लावला. आवाज बारीक, कारण आतल्या खोलीत हे झोपलेले. एक इंग्रजी सिनेमा चालू होता, 'फील्ड ऑफ ड्रीम्स'. १९८९ चा. अर्धा होऊन गेलेला! सुरुवात बघितलीच नाही, त्यामुळे एक माणूस मक्याचं उभं पीक कापून तिथे बेसबॉलचं मैदान का बांधतो हे मला कळेना, आणि रात्री त्या मक्यातून मेलेले खेळाडू बाहेर का येतात हेही कळेना. मेलेले! आणि घरात कुणाला त्याचं फार काही वाटत नाही! म्हटलं, बदलावं चॅनल. आणि मग एक म्हातारा डॉक्टर आला. छत्री घेतलेला. बर्ट लँकेस्टर! केवढा देखणा म्हातारा! तो डॉक्टर तरुणपणी बेसबॉल खेळायचा, मोठ्या संघात एकच सामना खेळला, अगदी शेवटची काही मिनिटं, आणि त्याच्या हातात बॅट येण्याआधीच सगळं आटोपलं. मग तो डॉक्टर झाला आणि एका छोट्या गावात आयुष्यभर राहिला. बायकोला निळ्या टोप्या आवडायच्या म्हणून निळ्या टोप्या घेत राहिला, आणि तो गेल्यावर त्याच्या दवाखान्यात द्यायच्या राहून गेलेल्या टोप्यांची खोकीच्या खोकी सापडली!

मी गाऊनच्या बाहीने डोळे पुसले. लेखक लोक काय काय रचतात, म्हटलं! आणि मग सिनेमा संपला, आणि मग पाणी प्यायला उठले, आणि मग नुसतं आपलं सहज, अगदी सहज, फोनवर त्या डॉक्टरचं नाव टाकून बघितलं. मूनलाइट ग्रॅहम.

आणि मग मी ओरडले.

"अहो! उठा! अहो, हा माणूस खरा होता!"

आतून आवाज आला, "कोण माणूस? दार लावलंयस ना?"

खरा होता हो! नावासकट खरा! आर्चिबॉल्ड राइट ग्रॅहम. नॉर्थ कॅरोलायनातल्या फेएटव्हिलचा. आणि 'मूनलाइट' हे सिनेमावाल्यांनी लावलेलं नाव नाही, खेळायचा तेव्हाच ते त्याला चिकटलेलं! चांदणं ग्रॅहम! आपल्याकडे एखाद्या खेळाडूला असं नाव पडलं असतं का? आपल्याकडे 'बंड्या' पडतं. कुणी म्हणतं, तो विजेसारखा चपळ होता म्हणून. कुणी म्हणतं, दिवसा खेळायचा आणि वैद्यकीचा अभ्यास चोरून करायचा म्हणून. मला दुसरं जास्त आवडलंय, त्यामुळे आमच्या घरात तेच अधिकृत!

आता तो सामना. नीट ऐका, कारण हे मी चार दिवसांत सतरा वेळा सांगितलंय आणि दर वेळी माझ्या अंगावर काटा येतो.

२९ जून १९०५. ब्रुकलिन. वॉशिंग्टन पार्क नावाचं मैदान. पाहुणा संघ न्यूयॉर्क जायंट्स. साधासुधा संघ नव्हे! त्यांचा व्यवस्थापक जॉन मग्रॉ, ज्याला लोक छोटा नेपोलियन म्हणायचे. त्यांच्याकडे ख्रिस्टी मॅथ्यूसन, ज्याने त्या एका वर्षात ३१ सामने जिंकून दिले. त्याच वर्षी हा संघ वर्ल्ड सीरिज जिंकला, म्हणजे थेट जगज्जेत्यांचा संघ! समोर ब्रुकलिनचा सुपरबाज. (हेच पुढे डॉजर्स झाले म्हणे. नाव ऐकलंय ना? मीही तेवढंच ऐकलंय.) तर बेसबॉलमध्ये नऊ छोटे छोटे डाव असतात. तीन गडी बाद झाले की बाजू बदलायची. पाहुणे आधी, यजमान नंतर. इतकंच लक्षात ठेवा, बाकीचं मलाही येत नाही.

जायंट्स दणदणीत पुढे होते. सामना संपला तेव्हा ११-१ होता, म्हणजे बघा! सामना खिशात आहे असं दिसल्यावर मग्रॉने आठव्या डावाच्या उत्तरार्धात जॉर्ज ब्राउन नावाच्या मुख्य खेळाडूला बसवलं आणि या नवख्या पोराला उजव्या कोपऱ्यात क्षेत्ररक्षणाला पाठवलं. जा बाबा, तूही खेळून घे! आणि मग तो धावत गेला असणार, आणि मग उभा राहिला असणार गुडघ्यांवर हात ठेवून, आणि मग ब्रुकलिनचे तीन गडी बाद झाले आणि एकही चेंडू त्याच्याकडे आला नाही, आणि मग नववा डाव, जायंट्सची फलंदाजी, आणि आता याचा नंबर जवळ येतोय, येतोय, बेसबॉलमध्ये पुढचा फलंदाज आधीच मैदानात एका बाजूला येऊन बॅट फिरवत उभा राहतो, तसा हा उभा, म्हणजे अगदी पुढचा! पुढचाच! याच्या आधी फक्त क्लॉड एलियट. तो गोलंदाज! त्याने उंच टोला मारला, झेल गेला, तिसरा गडी बाद. डाव खलास.

संपलं!

आणि मग बॅट ठेवायची आणि परत त्याच उजव्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. पुन्हा ब्रुकलिनचे तीन गडी. पुन्हा एकही चेंडू नाही! दोन वेळा तीन म्हणजे सहा गडी बाद होईपर्यंत तो मैदानावर होता आणि त्या अख्ख्या वेळात चेंडूने त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. एका फलंदाजाचा फरक, हो! त्या एलियटचा टोला दोन ढांगा जरी पलीकडे पडला असता!

नंतर थोड्याच दिवसांत जायंट्सने त्याला खालच्या लीगमध्ये धाडलं आणि मोठ्या लीगमध्ये तो पुन्हा कधी खेळला नाही. बेसबॉलच्या जाडजूड नोंदवहीत त्याच्या नावापुढे एक ओळ आहे. सामने १. पुढे 'ॲट-बॅट' नावाचा रकाना, म्हणजे किती वेळा खऱ्या अर्थाने फलंदाजी केली तो आकडा. तिथे ०. हा ० लक्षात ठेवा. हा ० मी शेवटी परत काढणार आहे!

तोवर हे उठून बाहेर आले होते. आमचे हे म्हणजे क्रिकेट. दुसरं काही नाही. तरुणपणी कांगा लीगमध्ये एका क्लबसाठी स्कोअर लिहायला बसायचे, आणि कांगा लीग म्हणजे भर पावसाळ्यातलं क्रिकेट, त्यामुळे ओलसर होऊन फुगलेली, निळ्या शाईचे ओघळ आलेली तीन स्कोअरबुकं आमच्या माळ्यावर अजून आहेत. रद्दीत द्यायची म्हटलं की घरात दोन दिवस अबोला. तर हे चष्मा लावून माझ्या फोनमधली ती ओळ बघत बसले. एक मिनिट. दोन मिनिटं. आणि मग म्हणाले, "डीएनबी."

"म्हणजे?"

"डिड नॉट बॅट. अगं, असे ढिगाने असतात. पण या बिचाऱ्याला चेंडूसुद्धा नाही लागला हाताला."

आणि मग त्यांना मॅकब्रायन आठवला! रात्री दोन वाजता! जॅक मॅकब्रायन, इंग्लंडचा. १९२४ साली ओल्ड ट्रॅफर्डला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध एकच कसोटी खेळला. पावसाने सामना वाहून गेला. फलंदाजी नाही, गोलंदाजी नाही, झेलही नाही. मी म्हटलं, अरेरे! तर हे म्हणतात, अरेरे काय, त्याच्याकडे हॉकीचं ऑलिंपिक सुवर्णपदक होतं! १९२०, अँटवर्प! आमच्या यांना दूध किती आणायचं ते लक्षात राहत नाही, आणि हे कुठून येतं देव जाणे!

"आणि डॉक्टरचं काय एवढं कौतुक?" हे पुढे म्हणाले. "कांगा कोण होते मग?"

कोण होते? मी आयुष्यभर कांगा लीग, कांगा लीग ऐकत आले, लग्नानंतरचे किती रविवार त्या लीगने खाल्ले, आणि कांगा म्हणजे डॉक्टर हे मला ठाऊकच नव्हतं! डॉ. होरमसजी कांगा. १९११ साली जो पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला, ज्यात आपले पळवणकर बाळू होते, त्याच संघात हे डॉक्टर! लाज वाटली. पण लाज वाटायला वेळ नव्हता, कारण मी पुढे वाचत होते आणि पुढे तर काय काय निघत होतं!

हा ग्रॅहम डॉक्टर झाला कधी माहितीये? १९०५! त्याच वर्षी! बाल्टिमोरला, मेरीलँड विद्यापीठातून. म्हणजे जून महिन्यात तो उजव्या कोपऱ्यात उभा होता तेव्हा तो वैद्यकशास्त्राचा माणूस होता. मग पुढे तीन वर्षं तो पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रॅन्टन गावच्या संघाकडून खेळला. लोकांचा लाडका होता तिथे. संघाचं नाव 'मायनर्स'. खाणकामगार! कारण ते कोळशाच्या खाणींचं गाव. हे नाव पण लक्षात ठेवा. आज तुम्हाला बरंच लक्षात ठेवायला लावतेय, मला माहितीये!

आणि मग १९०९ च्या सुमारास तो गेला पार उत्तरेला, मिनेसोटा राज्यात, चिझम नावाच्या गावात. आणि हे गाव कसलं? खाणीचं! लोखंडाच्या खाणी! मसाबी रेंज म्हणून लांबच लांब पट्टा आहे, अमेरिकेचं पोलाद जिथल्या मातीतून निघालं तो. तिथे फिनलंडपासून इटलीपर्यंत कुठून कुठून आलेली माणसं खाणीत राबायची. आणि १९०८ च्या सप्टेंबरात हे गाव वणव्यात जवळजवळ अख्खं जळून गेलं होतं! म्हणजे हा पोचला तेव्हा गाव नुकतं राखेतून उभं राहत होतं. कल्पना करा! चांगला शिकलेला, न्यूयॉर्कच्या जगज्जेत्यांबरोबर बसलेला माणूस, दक्षिणेतला, ऊबदार हवेतला, आणि तो अशा ठिकाणी जातो जिथे हिवाळ्यात श्वास मिशीवर गोठतो! आणि राहतो! १९६५ साली जाईपर्यंत तिथलाच होऊन राहतो!

तिथे तो शाळांचा डॉक्टर झाला. १९१५ ते १९५९. मी बोटांवर मोजलं, मग कागदावर मोजलं. ४४ वर्षं! शाळेचा डॉक्टर म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे काय येतं, तर वर्षातून एकदा येऊन "आ कर" म्हणणारे, आमचे दात मोजून निघून जाणारे एक गृहस्थ. हा तसा नव्हता हो! खाणकामगारांच्या घरात चष्म्याला पैसे कुठून असणार? तर हा कुठून कुठून जुने चष्मे मागवायचा आणि शनिवारी पोरांना बोलावून त्यांचे डोळे तपासायचा, हा लावून बघ, नाही? बरं, हा लावून बघ, आणि मग एकदाचा एक चष्मा नाकावर बसायचा आणि पोराला पलीकडच्या भिंतीवरचं दिसायला लागायचं, आणि मग जा पळ! फुकट!

मी इथे थांबले. खरंच थांबले. कारण मला सातवीत चष्मा लागला, आणि लागण्याआधी वर्षभर मी फळ्यावरचं शेजारणीच्या वहीत बघून लिहायचे आणि बाई मला चोर म्हणायच्या. पहिल्या दिवशी चष्मा घालून घराबाहेर आले तर समोरच्या पिंपळाला पानं होती! वेगवेगळी! तोवर मला वाटायचं झाड म्हणजे एक हिरवा ढीग असतो. त्या चिझममध्ये शनिवारच्या शनिवार किती पोरांना पानं दिसली असतील!

बरं. नाक पुसते आणि पुढे जाते.

कारण पुढे रक्तदाब आहे! हो, रक्तदाब! त्या काळी मुलांचा रक्तदाब कोण मोजत बसणार? पोरं ती पोरं, धावतात, पडतात, त्यांना कसला रक्तदाब! पण या माणसाकडे अख्ख्या गावाची मुलं होती, दर वर्षी तीच मुलं, एका वर्षाने मोठी झालेली. म्हणून तो त्यांच्या दंडाला पट्टा बांधून मोजत गेला, लिहीत गेला, वर्षानुवर्षं. आणि १९४५ साली बालरोगांच्या एका मोठ्या अमेरिकी नियतकालिकात त्याचा निबंध छापून आला! पाच ते सोळा वर्षांच्या मुलांचा रक्तदाब! बरोबर नावं कुणाची, तर मेयो क्लिनिकच्या लोकांची! त्यातले एक डॉ. एडगर हाइन्स, ज्यांनी हात बर्फगार पाण्यात बुडवून रक्तदाब किती चढतो ते बघायची चाचणी रुळवली. (मिनेसोटात बर्फ शोधायला लांब जावं लागलं नसेल.) खेड्यातला शाळेचा डॉक्टर आणि मेयो क्लिनिक, एका कागदावर!

आणि थांबा, थांबा, हे मी स्वतः शोधलंय, हे मला कुणी सांगितलेलं नाही! आमच्याकडे रक्तदाबाचं यंत्र आहे, यांच्यासाठी. ते बघून मनात आलं, ही पट्टा बांधून स्टेथोस्कोपने ठोके ऐकायची पद्धत कधीची? शोधलं. निकोलाय कोरोत्कोव नावाच्या रशियन डॉक्टरने ती मांडली. कोणत्या साली?

१९०५!!

मी तीन उद्गारचिन्हं दिली असती पण संपादक कापतात. १९०५! म्हणजे तिकडे सेंट पीटर्सबर्गला एक डॉक्टर दंडाला कान लावून ठोके ऐकतोय, आणि इकडे ब्रुकलिनला दुसरा ताजा ताजा डॉक्टर बॅट घेऊन उभा आहे आणि एलियटचा झेल जातोय. याला काही अर्थ आहे का? काहीही नाही! नुसता योगायोग! पण मी खुर्चीतून उठून स्वयंपाकघरात दोन फेऱ्या मारून आले.

हे म्हणाले, "बीपी तुझं मोजायला हवंय."

एवढ्यावर झोपले असते तर शहाणी म्हटलं असतं. पण मग मला त्याचे घरचे कोण ते बघावंसं वाटलं. वडील शार्लट शहराच्या शाळांचे प्रमुख. बायको अलीशिया, शिक्षिका. म्हणजे शाळा काही त्याची पाठ सोडत नव्हती! आणि धाकटा भाऊ फ्रँक. फ्रँक पोर्टर ग्रॅहम. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचा अध्यक्ष, नंतर थोडे दिवस सिनेटर, आणि मग १९५१ साली संयुक्त राष्ट्रांनी त्याला पाठवलं, कुठे ते ओळखा.

नाही ओळखता येणार. काश्मीर!

अहो, काश्मीर! भारत आणि पाकिस्तान यांच्यात मध्यस्थ! ऑस्ट्रेलियाचे ओवेन डिक्सन दमून गेले आणि त्यांच्या जागी हे डॉ. फ्रँक ग्रॅहम आले. कुणाचं सैन्य किती राहायचं, कुणी आधी मागे घ्यायचं, यावर वाटाघाटी करत राहिले, सुरक्षा परिषदेला अहवालावर अहवाल देत राहिले. 'ग्रॅहम अहवाल' म्हणून आमच्या लहानपणी वडील पेपर वाचताना काहीतरी पुटपुटायचे, तो हा ग्रॅहम! मूनलाइटचा धाकटा भाऊ! एक भाऊ ब्रुकलिनच्या उजव्या कोपऱ्यात चेंडूची वाट बघत उभा, दुसरा श्रीनगर आणि कराचीच्या मधोमध! दोघांच्याही वाट्याला चेंडू काही आला नाही, असं मी म्हणाले, तर हे पहिल्यांदा हसले. पावणेतीन वाजले होते.

तर आता तुम्हाला वाटेल, खेळाडू तो डॉक्टर असा हा एकटाच. मलाही वाटलं! अहो, रांग आहे! डॉक बुशाँग म्हणून एक होता, १८८० च्या दशकातला. यष्टिरक्षकासारखी जागा, आणि तेव्हा धड हातमोजेसुद्धा नसायचे. तो शिकलेला दंतवैद्य, त्यामुळे उजव्या हाताची बोटं जिवापाड जपायचा आणि होईल तितकं डाव्या हाताने पकडायचा! दात काढायला उजवा, चेंडू धरायला डावा! आणि नंतरच्या काळातला बॉबी ब्राउन, न्यूयॉर्क यँकीजचा, जो पुढे हृदयरोगतज्ज्ञ झाला. त्याचा खोलीतला जोडीदार योगी बेरा. (योगी! नावच!) असं सांगतात की एका रात्री ब्राउन विकृतिशास्त्राचा जाडा ठोकळा वाचतोय आणि योगी शेजारच्या खाटेवर चित्रकथा. योगीची चित्रकथा संपली, तसं त्याने विचारलं, तुझ्या पुस्तकाचा शेवट कसा झाला रे? मी हे तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा उशीत तोंड खुपसून हसले.

पण ते सगळे भरपूर खेळले. माझा डॉक्टर खेळलाच नाही. म्हणूनच तो कुणाच्या तरी डोळ्यांत भरला! डब्ल्यू. पी. किन्सेला नावाचे कॅनडाचे लेखक बेसबॉलची ती जाडजूड नोंदवही चाळत होते, आणि त्यांचं बोट या ओळीवर थांबलं. १ आणि ०. आणि हे विचित्र नाव. त्यांनी काय केलं, तर सरळ चिझमला गेले! गावात विचारत फिरले! आणि तिथे त्यांना भेटल्या वेडा पोनिकवार, गावच्या वर्तमानपत्राच्या संपादक. डॉक्टर गेले तेव्हा या बाईंनीच त्यांच्यावर मनापासून लिहिलं होतं. कोणत्या पोरांना दूध मिळत नव्हतं, कुणाला कपडे नव्हते, आणि डॉक्टरांनी न सांगता काय काय केलं, ते सगळं. १९८२ साली किन्सेलांची कादंबरी आली, 'शूलेस जो', आणि तिच्यावरून सिनेमा, आणि सिनेमात ती संपादक बाईसुद्धा आहे आणि ती जे वाचून दाखवते त्यात पोनिकवारबाईंचे खरे शब्द आहेत! एका खेड्यातल्या पेपरातला मृत्युलेख, हॉलिवूडच्या पडद्यावर! आपण लिहिणाऱ्यांनी यावर जळावं की नाही? मी जळले. सिनेमावाल्यांनी सालं मात्र बदलली हं, सामना १९२२ ला नेला आणि डॉक्टरांना आणखी सात वर्षं जगवलं. का, कुणास ठाऊक! १९०५ इतकं सुंदर साल टाकून द्यायचं म्हणजे!

एवढं झाल्यावर कुणाला तरी फोन करणं भागच होतं. इथे सगळे झोपलेले. पण माझा भाचा मिनेसोटात आहे! मिनिॲपोलिसला! तिथे दुपारचे साडेचार! लावला फोन.

"मावशी? सगळं ठीक ना? काका ठीक आहेत ना?"

"काका इथे स्कोअरबुक शोधतायत. तू चिझमला गेलायस का?"

शांतता. दहा वर्षं झाली त्याला तिथे. गाडीने तीन-साडेतीन तासांवर चिझम. गेला नाही! त्याच्या गावच्या ट्विन्स संघाने २००५ मध्ये शंभर वर्षं झाली म्हणून २९ जूनला खास मूनलाइट ग्रॅहम दिवस साजरा केला, चिझमच्या शाळेतल्या मुलांना डॉक्टरांच्या नावाने अजून शिष्यवृत्ती देतात, हे सगळं ठाण्यात बसलेल्या मावशीने त्याला सांगायचं! म्हणाला, "मावशी, मला बेसबॉल बोअर होतो गं. थांब, तुझ्या नातवाला देतो. तो खेळतो."

नातू अकरा वर्षांचा. त्याचं मराठी म्हणजे क्रियापदं मराठी, बाकी देवाची करणी. पण सिनेमा त्याने बघितलेला! मग काय, आम्ही दोघं सुटलोच. मला सगळ्यात आवडलेला प्रसंग मी त्याला सांगितला, तुम्हालाही सांगते, आणि सिनेमा बघायचा असेल त्यांनी कान झाका. त्या मक्याच्या मैदानात डॉक्टर पुन्हा तरुण होऊन येतो, आणि त्याला फलंदाजी मिळते! मिळते हो, शेवटी मिळते! तो उंच टोला हाणतो, झेल जातो, पण तिसऱ्या बेसवरचा गडी तेवढ्यात पळत घरी पोचतो आणि संघाला धाव मिळते. सगळे त्याची पाठ थोपटतात. आणि मग पुढे एक लहान मुलगी पडते, घशात घास अडकतो, श्वास कोंडतो, आणि मैदानाची रेघ ओलांडली तर तो परत म्हातारा होणार, पुन्हा खेळता येणार नाही, हे माहीत असून तो रेघेपाशी येतो. क्षणभर थांबतो. बूट रेघेपलीकडे पडतो तो म्हाताऱ्या डॉक्टरचा काळा बूट असतो! हातात बॅग!

"हो आजी, पण," नातू म्हणाला, "दॅट वॉज अ सॅक्रिफाइस फ्लाय."

"म्हणजे काय रे सोन्या?"

म्हणजे, त्याने मला अकरा वर्षांच्या मुलाच्या अफाट सहनशीलतेने समजावलं, फलंदाज झेल देऊन बाद होतो पण त्यावर धाव निघते, तेव्हा तो त्याने संघासाठी दिलेला बळी धरतात. आणि नियम असा आहे की असा बळी ॲट-बॅटच्या रकान्यात मोजत नाहीत.

"मोजत नाहीत?"

"नो. सो, मूव्हीमध्ये पण ॲट-बॅट झिरोच."

मी फोन स्पीकरवर टाकला. हे माळ्याच्या शिडीवर होते, हातात ते फुगलेलं स्कोअरबुक. "परत सांग रे," मी म्हटलं, "आजोबांना सांग." त्याने परत सांगितलं. हे शिडीवरून उतरले, टेबलाशी बसले, पावसाने पिवळ्या पडलेल्या स्कोअरबुकातलं एक कोरं पान उघडलं, पेन्सिलीला टोक काढलं आणि ठळक अक्षरांत लिहिलं, ए. डब्ल्यू. ग्रॅहम. मग नातवाला विचारून विचारून रकाने आखले. सामने १. जागा राइट फील्ड, जिचा बेसबॉलच्या स्कोअरबुकात नंबर ९ असतो, हेही त्यानेच सांगितलं.

पुढच्या रकान्यापाशी पेन्सिल थांबली. यांनी माझ्याकडे बघितलं.

"लिहा," मी म्हटलं.

शून्य काढायला हे एवढा वेळ लावतील असं वाटलं नव्हतं. छान गोल काढला.